रामा शेट्टीपासून शादीराम घरजोडेपर्यंत: सहायक अभिनेत्याची कारकीर्द चालते कशी?

‘अर्धसत्य’ पाहिलेल्या कुणालाही विचारा, दोन नावं हमखास निघतात. अनंत वेलणकर आणि रामा शेट्टी. पोलीस इन्स्पेक्टर वेलणकर झालेले ओम पुरी जवळजवळ प्रत्येक दृश्यात आहेत. गुंड रामा शेट्टी मात्र मोजक्याच दृश्यांत येतो आणि जातो. तरीही सिनेमा येऊन चाळीस वर्षं उलटली तरी ही दोन नावं एका दमात घेतली जातात. रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर मराठी रंगभूमीवर नाव कमावून होते, पण 1983 साली हिंदी सिनेमाच्या प्रेक्षकाला हा चेहरा सर्वस्वी नवा होता.

नायकाची कारकीर्द समजायला सोपी असते. सिनेमे किती चालले, किती पडले, पोस्टरवर नाव किती मोठं, मानधन किती वाढलं, एवढं पाहिलं की आलेख डोळ्यांसमोर उभा राहतो. सहायक अभिनेत्याला हे माप लागू पडत नाही. त्याचा सिनेमा आपटला तरी पुढच्या महिन्यात त्याला तीन कामं असू शकतात. सिनेमा तुफान चालला तरी पोस्टरवर त्याचा चेहरा नसतो. त्याला काम का मिळतं, का थांबतं, तीस वर्षं टिकणारा कशामुळे टिकतो, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही. ते समजावून घ्यायला अमरापूरकरांसारखं दुसरं उदाहरण मला दिसत नाही. समांतर सिनेमा, मसालापट, धमाल विनोद, गंभीर मराठी सिनेमा, चारही ठिकाणी त्यांनी काम केलं, आणि चारही ठिकाणचे नियम वेगळे होते.

आधी हे काम काय असतं ते पाहू

सिनेमाची गोष्ट कुणाची, हे ओळखायला एक सोपा प्रश्न पुरतो: शेवटचा निर्णय कुणाच्या हातात आहे? ‘अर्धसत्य’मध्ये तो वेलणकरच्या हातात आहे. प्रामाणिक राहायचं की व्यवस्थेपुढे मान तुकवायची, हे त्याला ठरवायचंय. म्हणून गोष्ट त्याची. बाकी सगळ्या पात्रांचं काम हा निर्णय अवघड करणं, पुढे ढकलणं किंवा त्याची किंमत दाखवणं. अमरीश पुरींनी केलेला वेलणकरचा बाप त्याच्या रागाचं मूळ दाखवतो. स्मिता पाटील यांची ज्योत्स्ना त्याला आरसा दाखवते. आणि रामा शेट्टी म्हणजे वाटेत उभी असलेली भिंत.

भिंत किती उंच, यावर नायक किती मोठा हे ठरतं. खलनायक लेचापेचा असेल तर नायकाच्या धडपडीला अर्थ उरत नाही. म्हणून कसलेला दिग्दर्शक नायक ठरला की लगेच समोरच्या माणसाचा शोध सुरू करतो.

सगळीच सहायक पात्रं आडवी येत नाहीत. काही नुसती पाहतात आणि त्यांच्या नजरेतून आपण पाहतो. ‘आनंद’मधली ललिता पवारांची मेट्रन डिसा आठवा. शिस्तीची, करडी बाई. ती आनंदपुढे विरघळते तेव्हा प्रेक्षकही विरघळतो. राजेश खन्ना कितीही गोड हसले असते तरी तो परिणाम एकट्याने साधला नसता. येवल्याच्या या बाईंनी मूकपटापासून ‘रामायण’ मालिकेतल्या मंथरेपर्यंत काम केलं, आणि त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग अशा दुसऱ्याची गोष्ट उचलून धरणाऱ्या भूमिकांनी भरलेला आहे.

या कामाची दखल आपल्याकडे सावकाश घेतली गेली. फिल्मफेअरने सहायक भूमिकांसाठी वेगळे पुरस्कार द्यायला 1955 साली सुरुवात केली. पहिल्या वर्षी ते ‘बूट पॉलिश’साठी डेव्हिड यांना आणि ‘बादबान’साठी आपल्या उषा किरण यांना मिळाले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा विभाग यायला मात्र 1984 सालचे सिनेमे उजाडले. तेव्हा ‘घरे बाइरे’साठी व्हिक्टर बॅनर्जी आणि ‘पार्टी’साठी रोहिणी हट्टंगडी हे पहिले मानकरी ठरले. ‘अर्धसत्य’ त्याच्या आदल्या वर्षीचा. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण रामा शेट्टीला द्यायला सरकारकडे विभागच नव्हता. फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मात्र अमरापूरकरांना मिळाला.

पहिली भूमिका आली कुठून

अमरापूरकरांचा जन्म 11 मे 1950 चा, अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. जवळची माणसं त्यांना तात्या म्हणत. नाटकाचा नाद आधीपासून होताच. चापेकर बंधूंनी रँडचा वध केला त्या घटनेवर जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी ‘22 जून 1897’ हा सिनेमा केला, त्यात अमरापूरकर लोकमान्य टिळक झाले होते. ज्याचा चेहरा पुढे हिंदीत दुष्टपणाची खूण ठरला, त्याची पडद्यावरची सुरुवात टिळकांच्या भूमिकेने झाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. माणूस तोच, चेहरा तोच. खलनायक त्या चेहऱ्यात नव्हता. तो नंतर तिथे बसवला गेला.

1981-82 च्या सुमारास ते ‘हँड्स अप’ हे व्यावसायिक नाटक करत होते. सोबत भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर. नाटक जोरात चाललं होतं. दिग्दर्शक गोविंद निहलानींनी त्यांना त्या काळात हेरलं आणि ‘अर्धसत्य’साठी घेतलं.

ही वाट तेव्हा नेहमीची होती. आज कास्टिंग डायरेक्टर असतात, ऑडिशनचे व्हिडिओ असतात. तेव्हा नाट्यगृह हीच ऑडिशनची जागा होती. मराठी रंगभूमीच्या नटाकडे दिग्दर्शकांना हवी असलेली एक गोष्ट तयार असायची. आठवड्याला चार-पाच प्रयोग, तेही वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या प्रेक्षकांपुढे. एकच वाक्य शंभर वेळा बोलल्यावर नटाला त्याची नस सापडते. कुठे थांबायचं, कुठे नुसतं पाहायचं, समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून मग बोलायचं, हे तालमीत शिकवता येतं, पण अंगात मुरतं ते प्रयोगातच. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, रोहिणी हट्टंगडी, रीमा, ही सगळी मंडळी या शाळेतून गेलेली.

‘अर्धसत्य’ला आणखी एक मराठी आधार होता. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’, पटकथा विजय तेंडुलकरांची, आणि ज्या कवितेवरून सिनेमाला नाव मिळालं ती दिलीप चित्र्यांची. तेंडुलकरांच्या पात्रांमधली हिंसा बहुतेक वेळा बोलण्याच्या आत दडलेली असते. ती कशी पेलायची हे मराठी रंगभूमीवरच्या नटाला नव्याने शिकवावं लागत नाही.

रामा शेट्टीत नेमकं काय केलं

वेलणकर रामा शेट्टीला अटक करायला त्याच्या अड्ड्यावर जातो, ते दृश्य पुन्हा पाहा. कायद्याच्या हिशेबाने वेलणकरचं पारडं जड आहे. अंगावर वर्दी आहे, हक्क आहे, राग आहे. शेट्टीकडे यातलं काही नाही आणि तो घाबरलेलाही नाही. तो आवाज चढवत नाही. समोरचा इन्स्पेक्टर ही दखल घेण्याजोगी बाब आहे असंही त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. वर एक फोन जातो आणि वेलणकरला हात हलवत परतावं लागतं.

त्या काळचा हिंदी खलनायक आठवा. मोठमोठाले अड्डे, विचित्र कपडे, गडगडाटी हसू, ठरलेला तकियाकलाम. अमरापूरकरांनी यातलं सगळं काढून टाकलं. त्यांची चण साधी, चेहरा कुठल्याही पेठेत दिसेल असा, हिंदी मराठी वळणाचं, आवाज किंचित नाकातला, शब्द सावकाश सोडण्याची लकब. एरवी हिंदी सिनेमात या गोष्टी कमतरता म्हणून मोजल्या गेल्या असत्या. इथे त्यांच्यामुळेच शेट्टी खरा वाटला. मुंबईतल्या प्रेक्षकाला असा माणूस माहीत होता. महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहणारा, वस्तीत ‘अण्णा’ म्हणून वावरणारा, ज्याच्या दारात पोलीसही अदबीने उभे राहतात असा. सिनेमात शेट्टी खरोखरच निवडणूक लढवतो आणि ज्याला त्याला पकडायचंय त्या वेलणकरलाच बंदोबस्तावर उभं राहावं लागतं.

सहायक अभिनेत्याच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट इथे दिसते. त्याच्याकडे वेळ नसतो. नायकाला अडीच तास मिळतात, त्याचं बालपण, प्रेम, पराभव सगळं दाखवलं जातं. शेट्टीचं बालपण आपल्याला कुणी सांगत नाही. तो पडद्यावर येतो त्या क्षणी त्याचं सगळं आयुष्य त्याच्या बसण्यात, पाहण्यात, उत्तर द्यायला लावलेल्या वेळात दिसायला हवं. अमरापूरकरांनी ते उत्तर द्यायला लावलेल्या वेळात दाखवलं. ज्याला सत्तेची सवय आहे तो घाईने उत्तर देत नाही.

सेटवरचा हिशेब

आता थोडं कोरडं, पण समजून घ्यायला आवश्यक.

त्या काळात हिंदी सिनेमाचं चित्रीकरण शिफ्टवर चालायचं. नायकाच्या तारखा आधी ठरत आणि बाकीच्यांच्या तारखा त्यांना जुळवल्या जात. दोन किंवा अधिक कलाकार एकत्र असलेल्या दृश्याला ‘कॉम्बिनेशन’ म्हणतात, आणि निर्मात्याच्या व्यवस्थापकाचं निम्मं आयुष्य ही कॉम्बिनेशन जुळवण्यात जातं. नायक दोन तास उशिरा आला तर सगळे थांबतात. सहायक अभिनेता उशिरा आला तर त्याचं नाव खराब होतं. म्हणून या वर्गातल्या नटाची खरी मालमत्ता म्हणजे भरवसा. वेळेवर येणारा, संवाद पाठ असलेला, पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये दृश्य देणारा. निर्माते अशा नटाला पुन्हा पुन्हा बोलावतात, कारण त्याच्यामुळे दिवसाचा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. दोघांच्या दृश्यात नायकाचा क्लोजअप बहुतेक वेळा आधी होतो. मग सहायक अभिनेत्याची पाळी. कधीकधी नायकाच्या खांद्यावरून, त्याच्या ‘सजेशन’मध्ये, म्हणजे नायकाचा खांदा किंवा पाठ चौकटीच्या कडेला दिसेल असा. कधी नायक दुसऱ्या शिफ्टला निघून गेलेला असतो आणि सहायक दिग्दर्शक त्याची वाक्यं कोरड्या आवाजात वाचून क्यू देतो. समोर माणूस नसताना नजर नेमक्या उंचीवर ठेवायची आणि सकाळी नायकाने जो राग दाखवला त्याला दुपारी तेवढ्याच ताकदीचं उत्तर द्यायचं. वर्षानुवर्षं रिकाम्या जागेकडे बघून अभिनय करणं हे या मंडळींचं रोजचं काम आहे. मला त्याचं फार कौतुक वाटतं, आणि ते पुरेसं कुणी करत नाही.

तिसरी गोष्ट डबिंगची. 1980 आणि 90 च्या दशकात बहुतेक हिंदी सिनेमांचा आवाज नंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित व्हायचा. सेटवर जे साधलं ते काही महिन्यांनी अंधाऱ्या खोलीत, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे पाहत पुन्हा उभं करायचं. ज्यांचा आवाज ही त्यांची ओळख होती त्यांना इथे फायदा झाला. अमरापूरकर त्यातले.

साचा बसतो कसा

‘अर्धसत्य’ गाजल्यावर अमरापूरकरांकडे खलनायकाच्या भूमिकांची रांग लागली. 1987 साली अनिल शर्मांचा ‘हुकूमत’ आला, धर्मेंद्र नायक, अमरापूरकर खलनायक. हा सिनेमा देशभर चालला आणि समांतर सिनेमाचा नट एका रात्रीत मसालापटाचा झाला. पुढच्या काही वर्षांत ‘खतरों के खिलाडी’, ‘ऐलान-ए-जंग’ अशी रीघच लागली.

अशा वेळी आपण पटकन म्हणतो की इंडस्ट्रीने त्याला साच्यात अडकवलं. तक्रार खरी आहे, पण साचा बसतो त्यामागे एक साधा व्यवहार असतो. मसालापटाला पात्रं पटकन उभी करायची असतात, कारण गाणी, मारामाऱ्या आणि विनोद यांनाही जागा द्यायची असते. ओळखीचा चेहरा आला की लेखकाची पाच मिनिटं वाचतात. अमरापूरकर दारातून आत आले आणि गोड हसले की प्रेक्षकाला कळायचं, आता हा काहीतरी वाकडं करणार. वितरकालाही हेच हवं असायचं. त्याला पटकथा कळो न कळो, चेहऱ्यांची यादी कळायची. म्हणजे नटाचं यशच त्याच्यासाठी चौकट तयार करतं, आणि जितकं यश मोठं तितकी चौकट घट्ट.

यातून निळू फुल्यांनाही जावं लागलं. ‘सामना’तल्या हिंदूराव पाटलासारख्या भूमिकांनी त्यांच्यावर पाटील आणि सरपंचांचा शिक्का बसला. ‘सिंहासन’मध्ये जब्बार पटेलांनी त्यांना पत्रकार दिगू टिपणीस दिला तेव्हा प्रेक्षकांना कळलं की हा माणूस नुसता पाहत उभा राहूनही सिनेमा तोलू शकतो. असा साचा मोडायला नटाची तयारी लागते, पण त्याहून जास्त एक दिग्दर्शक लागतो, ज्याला त्या नटात दुसरं काही दिसतं.

अमरापूरकरांच्या बाबतीत 1991 साली महेश भट्ट यांच्या ‘सडक’ने वेगळंच काही केलं. खलनायकीच्या चौकटीत राहूनच त्यांना पूर्णपणे अनोळखी भूमिका मिळाली: कुंटणखाना चालवणारी महारानी, तृतीयपंथी. यावेळी रामा शेट्टीच्या नेमकं उलट करायचं होतं. भडक कपडे, टाळ्या, गाण्यासारखे चढउतार घेणारा आवाज, क्षणात लाडीगोडी आणि क्षणात क्रूरपणा. संयमासाठी ओळखला गेलेला नट इथे सगळे बांध सोडून देतो आणि तरीही पात्र त्याच्या हातातून निसटत नाही. फिल्मफेअरने नकारात्मक भूमिकेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला तो 1992 साली, आणि तो पहिल्यांदा मिळाला महारानीसाठी अमरापूरकरांना.

या भूमिकेबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अभिनय म्हणून ती थरारक आहे, पण सिनेमाने तृतीयपंथी माणसाला भीती आणि किळस यांचं चिन्ह बनवलं. त्या काळात हिंदी पडद्यावर या समाजाचं दुसरं चित्रण जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे लाखो प्रेक्षकांच्या मनात हेच चित्र बसलं. आज ही भूमिका पाहताना नटाचं कसब आणि सिनेमाचा अन्याय दोन्ही दिसतात, आणि एकाचं कौतुक करताना दुसरा झाकू नये असं मला वाटतं.

वारं फिरलं तेव्हा

1990 च्या दशकाच्या मध्यावर हिंदी सिनेमा बदलला. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ आणि 1995 साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ यांनी दाखवलं की अड्डेवाल्या खलनायकाशिवाय सिनेमा विक्रमी चालू शकतो. अडथळा आता घरातच होता: हट्टी वडील, कुटुंबाची इज्जत, दिलेला शब्द. ज्यांची सारी कमाई खलनायकीवर होती त्या नटांपुढे प्रश्न उभा राहिला. काही मालिकांकडे वळले, काही दक्षिणेत गेले, काहींची कामं हळूहळू आटली.

अमरापूरकर विनोदाकडे वळले, आणि वारं फिरण्याच्या थोडं आधीच. 1993 च्या ‘आँखें’मध्ये डेव्हिड धवननी त्यांना गोंधळलेला पोलीस इन्स्पेक्टर केलं. गोविंदा, चंकी पांडे आणि कादर खान यांच्या धुमाकुळात ते मस्त मिसळून गेले. पण माझ्या मते त्यांचं सगळ्यात हुशार विनोदी काम आहे 1995 च्या ‘कुली नंबर 1’मधला शादीराम घरजोडे.

शादीराम लग्नं जुळवणारा पंडित. कादर खान यांच्या होशियारचंदला मुलींसाठी गडगंज श्रीमंतच स्थळ हवंय, आणि त्या गर्वात तो शादीरामचा पाणउतारा करतो. शादीराम ठरवतो, याच्या मुलीचं लग्न एका हमालाशी लावून देईन. मग गोविंदाचा राजू कोट्यधीश बनून येतो आणि सिनेमा सुटतो. म्हणजे या संपूर्ण धमालीची किल्ली शादीरामच्या अपमानात आहे. तो अपमान प्रेक्षकाला खरा वाटला नाही तर पुढचं सगळं पोकळ होईल. अमरापूरकर तिथे विनोद करतच नाहीत. ते खरोखर दुखावलेले दिसतात. शादीराम स्वतःच्या धंद्याबद्दल मनापासून गंभीर आहे, आणि तो गंभीर आहे म्हणून आपण हसतो. रामा शेट्टीत जी एक गोष्ट होती, समोरच्याच्या बोलण्याला आतून उत्तर देण्याची, तीच इथे आहे, फक्त सिनेमाची लय दुप्पट वेगाची आहे.

बहुरूपी नट म्हणजे दर वेळी दाढी-मिशा, चालणं, आवाज बदलणारा, अशी एक समजूत आहे. अमरापूरकरांचा चेहरा आणि आवाज बहुतेक सिनेमांत सहज ओळखू येतो. बदलायचं ते प्रमाण. वास्तवदर्शी सिनेमात किती कमी करायचं, मसालापटात किती मोठं करायचं, प्रहसनात किती जलद, याचा त्यांचा अंदाज अचूक होता. गायकाला प्रत्येक मैफिलीत मायक्रोफोन, सभागृह आणि श्रोते पाहून आवाज लावावा लागतो, तसंच काहीसं. ज्यांना हे जमत नाही ते चांगले नट असूनही एकाच प्रकारच्या सिनेमात शोभतात. 1997 च्या ‘इश्क’मधला त्यांचा श्रीमंत, कारस्थानी बाप पाहा. तो खलनायक आहे आणि हास्यपात्रही, आणि सिनेमाच्या मध्यावर सूर बदलतो तेव्हा त्याच चेहऱ्याने खरोखर दुष्टही होतो.

मराठीत परत येत राहिले

हिंदीत भरपूर काम असतानाही त्यांनी मराठी सोडलं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 1995 च्या ‘दोघी’त ते मामा झाले. घरातल्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीच आकाश कोसळतं, घराचे हाल होतात आणि मामा तिला मुंबईला घेऊन जातो. तिथे तिच्यावर देहविक्रयाची वेळ येते. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि उत्तरा बावकर यांच्या या सिनेमात मामाला खलनायक करायचा मोह सहज होऊ शकला असता. दिग्दर्शकांनी आणि अमरापूरकरांनी तो टाळला. हा मामा घरातलाच आहे, आपल्यातलाच. त्याचं घरात येणंजाणं सहज आहे, आणि म्हणून जे घडतं ते जास्त चटका लावतं. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘वास्तुपुरुष’मध्येही ते होते.

अशा सिनेमांत पैसा फार नसतो. पण सहायक अभिनेत्याला ते दुसरं काहीतरी देतात. साच्याबाहेरचं काम सतत चालू राहिलं तर नट गंजत नाही. वर्षभर त्याच चार प्रकारच्या धमक्या देणाऱ्या नटाला एक ‘दोघी’ मिळाली की हातातलं हत्यार पुन्हा धारदार होतं.

पडद्याबाहेरचा माणूसही इथेच समजतो. डॉ. लागू आणि निळू फुले यांच्याबरोबर सामाजिक कृतज्ञता निधी उभा करण्याच्या खटपटीत ते होते. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना थोडं मानधन मिळावं म्हणून कलाकारांनी उभा केलेला हा निधी. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाशीही त्यांचा जवळचा संबंध होता. ज्यांना देशाने दुष्ट माणूस म्हणून पाहिलं त्या माणसाच्या दिवसातला मोठा वेळ या कामांना जात होता.

2013 साली भारतीय सिनेमाच्या शंभरीनिमित्त चार दिग्दर्शकांनी ‘बॉम्बे टॉकीज’ केला. त्यातली दिबाकर बॅनर्जींची गोष्ट सत्यजित राय यांच्या ‘पटोलबाबू, फिल्म स्टार’ या कथेवर बेतलेली आहे. एका अयशस्वी नटाला सिनेमात क्षणभराची भूमिका मिळते: रस्त्यावर नायकाला धडकायचं, एवढंच. नवाजुद्दीन सिद्दिकी तो नट आहे, आणि त्याच्या मनात अजून वावरणारी, जगातून गेलेली वडीलधारी व्यक्ती म्हणून अमरापूरकर येतात. येतात, त्याची खरडपट्टी काढतात आणि छोट्या कामात काय असतं ते त्याला दाखवून देतात. हिंदी पडद्यावरच्या त्यांच्या अखेरच्या कामांपैकी हे एक. 3 नोव्हेंबर 2014 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांचं काम नीट समजून घ्यायचं असेल तर एक करता येईल. ‘सडक’ आणि ‘दोघी’ लागोपाठच्या दोन दिवसांत पाहा. दोन सिनेमांत चारच वर्षांचं अंतर आहे. दोन्हीकडे एक मुलगी आहे, मुंबई आहे, देहाचा बाजार आहे, आणि दोन्हीकडे अमरापूरकर आहेत. आवाज बंद करून फक्त त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. महारानीचे हात एक क्षण स्वस्थ नसतात. मग मामाचे हात काय करतात ते बघा.